डिटेक्टर नंतर, आधी जमीन: सोनं शोधायची जागा कशी निवडायची

या एपिसोडचं हे लिखित रूप. ऐकताना ज्यांनी "जरा सावकाश सांग" म्हणून मेसेज केले, त्यांच्यासाठी थोडं सावकाश आणि थोडं जास्त.

५ फेब्रुवारी १८६९. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात मोलियागल नावाचं एक छोटं गाव. जॉन डीसन आणि रिचर्ड ओट्स हे दोन खाणकामगार एका झाडाच्या मुळांजवळची जमीन खणत होते. डीसनचा टिकाव कशावर तरी आपटला. त्याला वाटलं दगड असेल. ते सोनं होतं. जमिनीच्या पृष्ठभागाखाली जेमतेम दोन बोटं. साफ केल्यावर त्यात सुमारे ७२ किलो शुद्ध सोनं निघालं. डनोली गावातल्या वजनकाट्यावर तो गोळा मावेना, म्हणून आधी ऐरणीवर ठेवून तोडावा लागला. 'वेलकम स्ट्रेंजर' हे त्याचं नाव. आजवर सापडलेल्या नगेटमध्ये हा सर्वांत मोठा मानला जातो. (नगेट म्हणजे निसर्गात तयार सापडणारा सोन्याचा गोळा.)

आता दुसरी तारीख. १९८०. त्याच पट्ट्यातलं किंगोवर गाव. केव्हिन हिलियर नावाच्या माणसाला मेटल डिटेक्टरने फूटभर खोलीवर २७ किलोचा नगेट सापडला. 'हँड ऑफ फेथ'. तो पुढे लास वेगासच्या एका कॅसिनोने दहा लाख डॉलरहून जास्त देऊन विकत घेतला.

दोन्ही गोष्टी ऐकल्या की डोक्यात एकच विचार येतो: मशीन घ्यायचं आणि निघायचं. पण नीट बघा, दोन घटनांमध्ये एकशे अकरा वर्षांचं अंतर आहे, एकात टिकाव आहे, दुसऱ्यात डिटेक्टर आहे. साधन बदललं. बदलला नाही तो पट्टा. आजचा सगळा एपिसोड या एका वाक्यावर आहे: सोनं शोधण्यात मशीनपेक्षा जमीन जास्त महत्त्वाची.

मी मेलबर्नमध्ये सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. इथून वायव्येला साधारण १९० किलोमीटरवर डनोली. बॅलरॅट, बेंडिगो, मेरीबरो, टारनागुला, वेडरबर्न ही सगळी नावं त्याच भागातली. याला इथे 'गोल्डन ट्रँगल' म्हणतात. ऑफिसमधल्या दोन मित्रांबरोबर मिळून आम्ही एक सेकंडहँड डिटेक्टर घेतलाय आणि जमेल त्या शनिवारी जातो. म्हणून उदाहरण इथलंच घेतो. आपल्या महाराष्ट्राचं काय, हा प्रश्न शेवटी घेणारच आहे, कारण सगळ्यात जास्त व्हॉइस नोट त्यावरच आल्यात.

सोनं तिथेच का?

सुमारे ४८ कोटी वर्षांपूर्वी आजचा मध्य व्हिक्टोरिया खोल समुद्राच्या तळाशी होता. वाळू आणि चिखलाचे थर एकावर एक बसत गेले. त्यांचाच पुढे वालुकाश्म आणि पाटीचा दगड झाला. मग जमिनीच्या हालचालींनी हे थर दाबले गेले. टेबलावरचा रुमाल दोन्ही बाजूंनी आत ढकलला की कशा चुण्या पडतात, तशा चुण्या पडल्या, भेगा पडल्या. सुमारे ४४ कोटी वर्षांपूर्वी खोलवरून वर येणारं गरम, क्षारयुक्त पाणी त्या भेगांमध्ये शिरलं. पाण्यात विरघळलेली सिलिका गोठून तिथे पांढरी गारगोटी तयार झाली आणि तिच्यासोबत सोनंही बसलं. गारगोटीच्या या उभ्या-आडव्या पट्ट्यांना इथले लोक 'रीफ' म्हणतात. समुद्रातल्या प्रवाळाशी त्यांचा काही संबंध नाही.

पुढचं काम ऊन-पावसाचं. कोट्यवधी वर्षं खडक झिजत राहिला. मऊ दगडाची माती होऊन वाहून गेली, गारगोटी फुटली, आतलं सोनं मोकळं झालं. आता सोनं मोकळं झालं की करतं काय? खाली जातं. सोन्याची घनता १९.३, गारगोटीची २.६५. म्हणजे त्याच आकाराच्या गारगोटीपेक्षा सोनं सातपट जड. पाऊस आला की हलकी माती पुढे जाते, जड सोनं रेंगाळतं आणि मिळेल त्या फटीत बसतं.

आपल्याकडे सराफ बाजारात झारेकरी असायचे, काही ठिकाणी अजून आहेत. सोनाराच्या दुकानासमोरची धूळ, गटारातला गाळ, भट्टीची राख गोळा करायची आणि पाण्यात धुऊन त्यातले सोन्याचे कण काढायचे. झारेकरी कुठली धूळ उचलतो? कुठलीही नाही. सोनाराच्या उंबऱ्याजवळची. आणि गटारात पाहायचं असेल तर जिथे पाण्याचा वेग मंदावतो तिथला गाळ. डिटेक्टर घेऊन फिरणाऱ्याचं गणित अगदी हेच आहे. आधी 'सोनाराचं दुकान' म्हणजे रीफ कुठे आहे ते बघायचं, मग त्याच्या 'गटारी' म्हणजे उतार आणि ओहोळ.

म्हणून जमिनीचे ढोबळमानाने चार प्रकार डोक्यात ठेवायचे:

- रीफचा माथा. इथे सोनं गारगोटीला चिकटलेलं मिळतं, कडा धारदार असतात.
- रीफच्या खालचा उतार. सोनं मोकळं झालंय पण फार लांब गेलेलं नाही. डिटेक्टरवाल्यांची सगळ्यात आवडती जागा.
- ओहोळ आणि घळी. सोनं इथे घासून गुळगुळीत होतं आणि तळाच्या मुरमावर किंवा चिकणमातीवर बसतं.
- गाडल्या गेलेल्या जुन्या नद्या. ज्वालामुखीच्या लाव्ह्याने यातल्या काही झाकून टाकल्या. सोनं भरपूर, पण इतक्या खोल की आपल्या मशीनला त्याचा काही उपयोग नाही.

चौथ्या प्रकाराचं एक उदाहरण लक्षात ठेवा. 'वेलकम नगेट' हा ६९ किलोचा गोळा १८५८ मध्ये बॅलरॅटला सापडला, पण सुमारे ५५ मीटर खोल खाणीत. बॅलरॅट नाव ऐकून कुणी तिथल्या गवतावर डिटेक्टर फिरवला, तर हा गोळा त्याच्या पायाखाली असूनही मशीन गप्पच राहिलं असतं. म्हणजे 'इथे सोनं आहे' एवढं पुरत नाही. 'इथे सोनं वरच्या हात-दीड हातात आहे का' हा खरा प्रश्न.

पहिली चाळणी: जिथे मिळालंय तिथेच बघा

आपण प्रोग्रामर लोक सर्च करताना आधी सर्च स्पेस कमी करतो ना, तसंच. नवख्या माणसाला वाटतं, जिथे कुणी गेलं नाही तिथे जावं. उलट आहे. १८५१ मध्ये व्हिक्टोरियात सोनं जाहीर झाल्यावर जगभरातून लाखो माणसं आली. इंग्लंड, आयर्लंड, जर्मनी, चीन, अमेरिका. त्यांनी प्रत्येक डोंगर, प्रत्येक ओहोळ उकरून बघितला. तेव्हापासून आजवर या राज्याने सुमारे २,४०० टन सोनं दिलंय. एवढ्या माणसांनी जी जागा बघून सोडली, तिथे काही नसण्याची शक्यताच जास्त. पुण्यात ज्या वडापावच्या गाडीवर गर्दी नाही तिथे आपण का थांबत नाही, तेच लॉजिक.

मग प्रश्न येतो, त्यांनी सगळं नेलं असेल तर आपल्याला काय उरलं? बरंच उरलं, आणि त्याला कारणं आहेत. एक, ते डोळ्यांनी आणि पाण्याने शोधायचे. या भागात पाणी कमी, त्यामुळे कोरड्या उतारावरची माती धुणं परवडत नसे. दोन, ते ओहोळाच्या तळाशी सलग खड्डे घ्यायचे, पण दोन खड्ड्यांमधली आणि कडेची जमीन तशीच राहायची. तीन, चिकणमातीच्या ढेकळात लपलेलं सोनं ढेकळासकट ढिगाऱ्यावर फेकलं जायचं. डिटेक्टरला ढेकूळ फोडायची गरज नाही, तो आरपार बघतो.

ही माहिती मिळवायला ग्रंथालयात जायची गरज नाही. 'जिओविक' नावाचा राज्य सरकारचा मोफत ऑनलाइन नकाशा आहे. त्यात खडकाचे प्रकार, जुन्या खाणी, रीफच्या रेषा, असे एकेक लेयर चालू-बंद करता येतात. मी शुक्रवारी रात्री चार गोष्टी एकावर एक ठेवतो: जुनी खणती, रीफच्या रेषा, उंचीच्या समोच्च रेषा आणि सरकारी जंगलाची हद्द. जिथे चारही जुळतात तिथे शनिवारी जायचं. तीनच जुळले तर नाही. ही शिस्त कंटाळवाणी आहे, पण पेट्रोल वाचवते.

नकाशावर गावांची आणि ओहोळांची जुनी नावंसुद्धा वाचा. 'नगेटी गली' असं नाव कुणी उगाच ठेवत नाही.

दुसरी चाळणी: परवानगी आहे का?

ही पायरी सोनं सापडल्यावर नाही, गाडी काढण्याच्या आधी.

व्हिक्टोरियात 'मायनर्स राइट' नावाचा परवाना लागतो. थोडक्या पैशात ऑनलाइन मिळतो, १० वर्षं चालतो आणि परदेशी पाहुण्यालाही मिळतो. यावर हातातली अवजारं आणि डिटेक्टर वापरून परवानगी असलेल्या सरकारी जमिनीवर शोधता येतं आणि सापडलेलं सोनं तुमचंच राहतं. या परवान्यामागे रक्त आहे बरं का. १८५० च्या दशकात खाणकामगारांना सोनं मिळो न मिळो, दरमहा ३० शिलिंग लायसन्स फी भरावी लागे. त्यावरून असंतोष पेटला आणि ३ डिसेंबर १८५४ ला बॅलरॅटच्या युरेका स्टॉकेडवर सैनिकांनी हल्ला केला. माणसं मारली गेली. त्यानंतर ती मासिक फी गेली आणि स्वस्त मायनर्स राइट आला. आज मी फोनवर दोन मिनिटांत जो परवाना काढतो, तो असा आलाय.

पण परवाना म्हणजे मोकळं रान नाही. बहुतेक राष्ट्रीय उद्यानांत मनाई आहे, काहींमध्ये आखून दिलेल्या भागातच परवानगी आहे. काही नद्या-ओढे पूर्ण बंद आहेत. खासगी शेतात मालकाला विचारल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. खाणीचा परवाना असलेल्या कंपनीच्या जागेत तिची संमती लागते. यंत्राने खोदायचं नाही. प्रत्येक खड्डा बुजवायचा. जुन्या खाणकामाच्या अवशेषांना आणि मूळनिवासींच्या वारसास्थळांना हात लावायचा नाही.

हा शेवटचा मुद्दा नुसता नियम म्हणून वाचू नका. हा बराचसा भाग जा जा वुरुंग लोकांची भूमी आहे. सोन्याच्या गर्दीने त्यांची जंगलं, पाणवठे, शेकडो पिढ्यांच्या जागा उकरून टाकल्या. ते या भूमीला 'उलटीपालटी झालेली भूमी' म्हणतात. खालची माती वर, वरची खाली. तिथे उभं राहिलं की हे वर्णन किती शब्दशः खरं आहे ते दिसतं. आपल्या एका बुजवलेल्या खड्ड्याने ते दुरुस्त होत नाही, पण न बुजवलेल्या खड्ड्याने त्यात भर नक्की पडते.

तिसरी चाळणी: जमीन स्वतः काय सांगते

गाडीतून उतरलात. मशीन लगेच चालू करू नका. अर्धा तास नुसतं चाला. काय बघायचं?

गारगोटी. पण कुठलीही नाही. दुधासारखी स्वच्छ पांढरी, चकचकीत गारगोटी बहुतेक वेळा रिकामी असते. तपकिरी डाग पडलेली, गंजासारखा रंग धरलेली, भोकं पडलेली गारगोटी बघा. ती भोकं म्हणजे तिथे कधीकाळी असलेली लोहखनिजं कुजून गेल्याच्या खुणा, आणि सोनं बऱ्याचदा त्या खनिजांच्या संगतीत असतं.

खडकांची सीमा. वालुकाश्म संपून पाटीचा दगड सुरू होतो, किंवा मातीचा रंग पिवळ्यावरून लाल होतो, अशा सीमेवर लक्ष द्या. बॅलरॅटच्या पूर्व भागात पाटीच्या दगडाचा एक पातळ थर 'इंडिकेटर' म्हणून प्रसिद्ध होता. गारगोटीची शीर जिथे या थराला छेदायची, तिथे नगेट मिळायचे. खाणकामगार सोन्याच्या मागे न जाता या थराच्या मागे जायचे.

उताराचा मोड. तीव्र उतार जिथे सौम्य होतो, ओहोळ जिथे वळतो, दोन ओहोळ जिथे मिळतात, तिथे पाण्याचा वेग कमी होतो आणि जड वस्तू बसते.

जुन्या खुणा. जमिनीत गोल चर दिसला तर तो बहुधा घोड्याने फिरवायच्या चिखलणीचा अवशेष आहे. मधल्या खांबाभोवती घोडा फिरायचा आणि चरातल्या पाण्यात चिकणमाती घुसळली जायची. गुऱ्हाळातला बैल आठवा. एवढी यंत्रणा उभी केली म्हणजे इथल्या मातीत दम होता. त्या चराला हात लावायचा नाही, पण ती माती कुठून आणली असेल याचा अंदाज घेत वर उताराकडे बघा. तसंच खड्ड्यांची रांग बघा. डोंगराच्या धारेवर सरळ रेषेत खड्डे असतील तर ते रीफचा पाठलाग करत होते. ओहोळात गर्दीने असतील तर ते तळातल्या सोन्याच्या मागे होते. आणि खड्डे जिथे अचानक उथळ होतात, ती जागा माझी आवडती, कारण तिथे कातळ वर आलेला असतो आणि सोनं आपल्या मशीनच्या टप्प्यात येतं.

सावधगिरी: हे जुने खड्डे कधी कधी विहिरीइतके खोल असतात आणि पालापाचोळ्याने झाकलेले असतात. हेडफोन लावून, मशीनकडे बघत मागे मागे जाणं म्हणजे जिवाशी खेळ. उन्हाळ्यात साप असतात, ऊन भाजून काढतं आणि वणव्याचा धोका असतो, म्हणून आम्ही एप्रिल ते ऑक्टोबर जातो. एकटं कधीच नाही.

चौथी चाळणी: तुमच्या मशीनला ही जमीन झेपते का

डिटेक्टर सोनं ओळखत नाही. हे तीनदा वाचा. तो फक्त वीजवाहक धातू ओळखतो. कॉइलमधून चुंबकीय क्षेत्र जमिनीत जातं, धातूमध्ये छोटे विद्युत प्रवाह फिरतात, त्यांचं उलट क्षेत्र कॉइलला जाणवतं आणि कानात आवाज येतो. बस.

मुख्य प्रकार दोन. व्हीएलएफ मशीन सतत एका लयीत लहर पाठवतं. हलकं, स्वस्त, बारीक सोन्याला चांगलं, लोखंड थोडंफार वेगळं ओळखतं. पण जमिनीत लोहखनिज जास्त असेल तर ती जमीनच आवाज करायला लागते. पल्स इंडक्शन, म्हणजे पीआय मशीन, झटका देतं, थांबतं आणि मग ऐकतं. जमिनीचा गोंगाट बराचसा विरून गेल्यावर धातूचा प्रतिसाद ऐकायचा, अशी युक्ती. गोल्डन ट्रँगलची लाल, लोहयुक्त माती व्हीएलएफला फार त्रास देते. म्हणूनच १९९० च्या दशकात अॅडलेडच्या माइनलॅब कंपनीची पीआय मशीनं आली तेव्हा 'संपलेल्या' जागा पुन्हा सोनं द्यायला लागल्या. पीआयचा तोटा: लोखंडाचा खिळा आणि सोनं यात तो फारसा फरक करत नाही. खणून बघावं लागतं.

म्हणजे जमीन आणि मशीन यांची पत्रिका जुळवायची. व्हीएलएफ असेल तर फिकट माती, उघडा कातळ, उथळ मुरूम. पीआय असेल तर लाल मातीचा उतार चालतो. जुन्या छावण्यांच्या जागा दोन्हींना नकोशा, कारण तिथे खिळे, पत्र्याचे तुकडे, बंदुकीचे शिशाचे छर्रे यांचा नुसता खच. शिशाचा छर्रा तर कानाला हुबेहूब सोन्यासारखा वाटतो.

खोलीबद्दल रील्समध्ये काहीही सांगतात. व्यवहारात ग्रॅमभराचा तुकडा वीतभर खोलीवर ऐकू आला तरी छान. म्हणून वर म्हटलं, कातळ जिथे उथळ तिथे जा.

जमिनीवर उतरल्यावर

निवडलेला तुकडा छोटा ठेवा. आम्ही साधारण बॅडमिंटन कोर्टाएवढा घेतो. कॉइल जमिनीला जवळजवळ टेकलेली, हालचाल इतकी संथ की बघणाऱ्याला कंटाळा यावा, प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्यावर अर्धा चढलेला. अंगण सारवताना हात कसा एकावर एक फिरतो, तसा. आवाज आला की वरचा पाचोळा पायाने बाजूला करायचा. आवाज सरकला तर वरचा कचरा. तिथेच राहिला आणि वरची माती काढल्यावर वाढला, तर खणायचं.

एक तुकडा सापडला की जागा सोडायची नाही. सोनं सहसा एकटं येत नाही. सापडलेल्या जागेपासून गोल गोल बाहेर जायचं, मग उताराच्या वरच्या बाजूला. तुकड्याची कड धारदार असेल तर रीफ जवळ आहे, गुळगुळीत असेल तर तो लांबून आलाय.

आणि नोंद ठेवा. मी प्रत्येक फेरीचं लोकेशन, मातीचा रंग, कचरा किती, सोनं किती, हे शीटमध्ये टाकतो. रिकाम्या फेरीची नोंद तर आधी. 'इथे नाही' हीसुद्धा माहिती आहे, आणि ती फुकट मिळत नाही.

आता मुद्द्याचं: पैसे सुटतात का?

साताऱ्याजवळच्या एका मित्राची व्हॉइस नोट आली. वय बावीस. म्हणतो, "दादा, तीन लाखांचं पर्सनल लोन मिळतंय. चांगलं मशीन मागवतो. वर्षात फेडून टाकीन ना?"

मित्रा, माझी शीट उघडून सांगतो. गेल्या वर्षी २३ फेऱ्या. त्यातल्या १४ फेऱ्यांत शून्य. एकूण सोनं ६.८ ग्रॅम, तेही तिघांत मिळून. त्यासाठी साडेआठ हजार किलोमीटरहून जास्त गाडी चालवली. नवं वरच्या दर्जाचं मशीन इथे आठ ते दहा हजार ऑस्ट्रेलियन डॉलरला पडतं. हिशेब तूच कर: मशीनची किंमत भागिले आजचा ग्रॅमचा भाव, म्हणजे किती ग्रॅम लागतील. त्यात पेट्रोल धरलेलं नाही, तुझे दिवस धरलेले नाहीत, व्याज धरलेलं नाही. आणि हे जगातल्या सर्वांत चांगल्या पट्ट्यांपैकी एकात, कायदेशीर परवान्यावर. आम्हाला हे परवडतं कारण आमचं घर पगारावर चालतं. शनिवारी रिकाम्या हाताने आलो तरी सोमवारी कुणाचा हप्ता चुकत नाही. कर्ज काढून जाणाऱ्याला रिकामा हात परवडत नाही, आणि या खेळात रिकामा हात हाच नियम आहे.

शिवाय जमीन. तू मशीन फिरवणार कुठे? सह्याद्री जवळजवळ सगळा काळ्या पाषाणाचा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. वर सांगितलेली रीफ, गारगोटी, गरम पाणी ही गोष्ट तिथे घडलीच नाही. महाराष्ट्रात जुने खडक आहेत ते पूर्वेला नागपूर, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोलीकडे आणि थोडे दक्षिण कोकणात. सोन्याच्या खुणा तिकडे नोंदल्या गेल्यात. बालाघाट, चांदा भागात नदीची वाळू धुऊन सोन्याचे कण काढणाऱ्या सोनझारी लोकांचा उल्लेख इंग्रजी अमदानीतल्या नोंदींत आहे. पण इथल्यासारखा स्वस्त वैयक्तिक परवाना आपल्याकडे नाही. खनिज शोधणं सरकारी संस्था आणि परवानाधारक कंपन्यांचं काम आहे. आणि आपलं सोनं बरंचसं खोल. कोलारची खाण तीन किलोमीटरहून खोल गेली होती, २००१ मध्ये ती बंद झाली.

राहिला किल्ला. काहीजण स्पष्टच विचारतात, "गडावर फिरवलं तर?" नाही. संरक्षित स्मारकात खणणं गुन्हा आहे. १८७८ चा ट्रेझर ट्रोव्ह कायदा अजून लागू आहे, जमिनीत सापडलेला दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचा ठेवा कलेक्टरला कळवावाच लागतो. पण कायदा बाजूला ठेवा. एक नाणं कुठल्या थरात, कशाच्या शेजारी सापडलं यावरून इतिहास कळतो. खणून काढलेलं नाणं म्हणजे फक्त धातू. गडाची पानं फाडून रद्दीच्या भावात विकण्यासारखं आहे ते.

आणि गुप्तधनवाले. मशीनवाला माणूस आधी 'आवाज' ऐकवतो, मग मांत्रिक येतो, मग पूजेचे पैसे, मग पुढे काय काय होतं ते आपण बातम्यांत वाचतो. डिटेक्टरचा आवाज खिळ्यालाही येतो, हे वर सांगितलंय ना? तेवढं एक वाक्य गावात चार जणांना सांगा. धनाच्या शोधासाठी अघोरी प्रकार करणं महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुन्हा आहे. असं काही चाललेलं दिसलं तर पोलिसांकडे जा.

मग तुमच्या हातात काय? जिओविक जगात कुठूनही उघडतं. रीफच्या रेषा लावा, समोच्च रेषा लावा, मोलियागल शोधा आणि स्वतःला विचारा: इथून सोनं कुठे गेलं असेल? भूशास्त्र, नकाशे, डेटा यांत कुणाला गोडी लागली तर त्याचं करिअरही होतं, आणि त्यासाठी तीन लाखांचं लोन लागत नाही.

थोडक्यात क्रम असा: आधी इतिहास, मग परवानगी, मग जमिनीच्या खुणा, मग मशीनची कुवत, आणि सगळ्यात शेवटी चालू करायचं बटण. बहुतेक लोक शेवटापासून सुरुवात करतात.

पुढच्या भागात पल्स इंडक्शनचं सर्किट जरा उघडून बघू. प्रश्न असतील तर नेहमीप्रमाणे व्हॉइस नोट पाठवा, एका मिनिटाच्या आत ठेवा, आणि फॅनखाली बसून रेकॉर्ड करू नका, काही ऐकू येत नाही. भेटूया!